दिवस राहायचे दिवस कसे काढायचे? चौदावा दिवस सगळ्यांचा नसतो

सगळ्यात आधी तो चौदावा दिवस डोक्यातून काढा. मैत्रीण सांगते, जाऊबाई सांगते, मोबाईलमधलं अॅपही तेच धरून चालतं की पाळीच्या चौदाव्या दिवशी स्त्रीबीज बाहेर पडतं, पण ते फक्त २८ दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचं झालं, आणि अगदी दर महिन्याला बरोबर २८ दिवसांनी येणाऱ्या बायका खूप कमी. खरं गणित उलटीकडून असतं. पुढची पाळी यायच्या साधारण १४ दिवस आधी बीज सुटतं (कोणाचं १२, कोणाचं १५-१६). म्हणजे ३२ दिवसांची सायकल असेल तर अठराव्या दिवसाच्या आसपास, २५ ची असेल तर अकराव्याच्या. आता ३२ वाली बाई चौदावा दिवस धरून बसली आणि पंधराव्यानंतर "झालं या महिन्याचं" म्हणून थांबली तर तिचे नेमके चांगले दिवसच हातचे जातात ना.

बीज सुटल्यावर ते १२ ते २४ तासच टिकतं. पण पुरुषाचे शुक्राणू आत ५ दिवसांपर्यंत जगू शकतात, म्हणून बीज सुटायचा दिवस आणि त्याच्या आधीचे ५ असे मिळून ६ दिवस कामाचे. त्यातही सुटायच्या आधीचे दोन दिवस सगळ्यात चांगले. बीज सुटल्याची खात्री झाल्यावर मग प्रयत्न करू असं म्हणाल तर बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

आता मोजायचं कसं. पहिला दिवस म्हणजे नीट रक्तस्राव सुरू झाला तो दिवस, आदल्या दिवशीचा नुसता डाग धरायचा नाही. आणि आपल्याकडे अजून खूप घरांत, नाशिकच्या पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत काय किंवा निफाड-दिंडोरीकडच्या मळ्यांत काय, पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हायलं की तिथून मोजतात. सासूबाई किंवा आई "न्हाल्यापासून दहावा" म्हणाल्या तर तो खरा चौदावा असतो हे लक्षात ठेवा, चार दिवसांचा फरक पडतो आणि ६ दिवसांच्या खेळात चार दिवस म्हणजे फार झाले.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर पहिल्या दिवसाला बारीक खूण करा, घरात सगळ्यांना कळू नये असं वाटत असेल तर मोबाईलमध्ये ठेवा, पण निदान ६ महिने सलग ठेवा. या पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या आदल्या दिवसापर्यंत जेवढे दिवस भरतात ती तुमची सायकल. समजा सहा महिन्यांचे आकडे आले २७, २९, २६, ३१, २८, ३०. सगळ्यात लहान २६, त्यातून १८ वजा, उरले ८. सगळ्यात मोठी ३१, त्यातून ११ वजा, उरले २०. म्हणजे आठव्यापासून विसाव्या दिवसापर्यंत कधीही दिवस राहू शकतात. पाळी ३ जानेवारीला आली तर १० ते २२ जानेवारी, संक्रांत मधोमध आली. तेरा दिवस जास्त वाटतील, पण आकडे जेवढे मागेपुढे तेवढा हा पट्टा रुंद होतो.

एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम सांगते. सप्तशृंगी गडावर जायचंय, घरात सत्यनारायण आहे, लग्न आहे म्हणून पाळी पुढे ढकलायची गोळी आपल्याकडे सर्रास घेतात. ज्या महिन्यात ती घेतली तो महिना या हिशोबात धरूच नका, नाहीतर सगळ्यात मोठी सायकल म्हणून तोच आकडा येईल आणि सगळं गणित बिघडेल. ७२ तासांत घ्यायची इमर्जन्सी गोळी घेतली असेल तरी तसंच.

कॅलेंडर अंदाज देतं, शरीर नक्की काय ते सांगतं. पाळी संपल्यावर काही दिवस खाली कोरडं असतं, मग थोडं चिकट, दह्यासारखं जातं, आणि बीज सुटायच्या आधी ते एकदम पातळ, पारदर्शक, बुळबुळीत होतं, अंड्याच्या कच्च्या पांढऱ्यासारखं. टिश्यूने पुसून दोन बोटांत धरून बोटं लांब करा, तार न तुटता ताणली गेली की हेच ते दिवस. बऱ्याच जणींना वाटतं अंगावरून पांढरं जातंय म्हणजे काहीतरी आजार, आणि त्या गोळ्या आणतात. तसं नाही, हे अगदी नॉर्मल आहे. वास येत असेल, खाज असेल, रंग हिरवट-पिवळा असेल तर मात्र दाखवा.

मेडिकलमध्ये ओव्ह्युलेशन किट मिळतं, म्हणजे लघवीवरून बीज सुटायची वेळ सांगणारी पट्टी. सायकलमधून १७ वजा करून येईल त्या दिवसापासून रोज साधारण एकाच वेळी टेस्ट करायची, दुसरी रेघ कंट्रोलच्या (टेस्ट नीट झाली हे दाखवणाऱ्या) रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद आली की पुढच्या २४ ते ३६ तासांत बीज सुटायची शक्यता. पीसीओडी (हार्मोन्स बिघडून बीज वेळेवर न सुटण्याचा त्रास) असेल तर किट उगाचच पॉझिटिव्ह दाखवू शकतं, त्यांनी फक्त यावर विसंबू नये. थर्मामीटरचं म्हणाल तर सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी, चहाच्याही आधी तोंडात धरायचं, बीज सुटल्यावर तापमान ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअस वाढतं आणि पुढच्या पाळीपर्यंत वर राहतं. पण ते झाल्यावर कळतं, आधी नाही, आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांत शिफ्टमध्ये काम करणाऱ्या बायकांची झोप रोज वेगळ्या वेळी, त्यांना हे जमत नाही, त्यांनी स्राव बघणंच बरं.

या दिवसांत रोज किंवा एक दिवसाआड संबंध आले तरी पुरे. तारखेचं टेन्शन दोघांवर टाकू नका, नवऱ्याला परीक्षेसारखं वाटायला लागलं तर उलटंच होतं. आणि सम दिवशी मुलगा, विषम दिवशी मुलगी हे साफ खोटं आहे, ते शुक्राणूवर ठरतं, दिवसावर नाही. गर्भाचं लिंग तपासणं, निवडणं हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

मूल नको म्हणून हेच गणित वापरणार असाल तर खरंच जपून. प्रवास, ताप, टेन्शन, कशानेही बीज मागेपुढे होतं. पाळी अनियमित असेल, नुकतंच बाळंतपण झालं असेल, अंगावर पाजत असाल तर यावर अवलंबून राहूच नका, दर वेळी कंडोम वापरा किंवा डॉक्टरांशी बोलून नीट साधन घ्या.

आणि प्रयत्न करत असाल तर फोलिक अॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी दिवस राहायच्या निदान महिनाभर आधीपासून सुरू करा, आपल्या डॉक्टरांना विचारून. वय ३५ च्या आत असेल तर वर्षभर, ३५ च्या पुढे असेल तर ६ महिने प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत की दाखवायचं. पाळी २१ दिवसांच्या आत किंवा ३५ च्या पुढे जात असेल तर एवढं थांबायचंही नाही, थायरॉइड, पीसीओडी बघून घ्यायचं. जाताना त्या सहा महिन्यांच्या तारखा सोबत न्या, आणि नवऱ्यालाही न्या. त्याची वीर्यतपासणी अगदी सुरुवातीलाच होते, साधी असते, आणि कारण त्याच्याकडेही असू शकतं, मग एकटीनेच वर्षानुवर्षं गोळ्या-इंजेक्शनं का घ्यायची.