मिलानच्या महागड्या रस्त्यांवर बिनधास्त कसं फिरायचं, सांगलीकरांसाठी

मी लेकीकडं इटलीत मिलानला महिनाभर राहून आले, ती तिथं शिकते, आणि परत आल्यापासून ब्लाऊज टाकायला येणारी प्रत्येक बाई विचारते की काकू ते फॅशनचे रस्ते कसे असतात, आत सोडतात का, काही घेतलं नाही तर बोलतात का. म्हणून एकदाच लिहून टाकते. मी 25 वर्षं शिवणकाम करते, माझं लक्ष किमतीपेक्षा शिलाईकडं, आणि मला मनापासून वाटतं की तिथं घ्यायला नाही तर काम बघायला जावं.

मेट्रोनं जा. लाल लाईनचं सान बाबिला किंवा पिवळ्या लाईनचं मोंतेनापोलिओने, कुठंही उतरा, वर आलं की तिथंच आहे सगळं. मोंते नापोलिओने, देल्ला स्पिगा, मान्झोनी आणि कोर्सो वेनेत्सिया या चार रस्त्यांचा मिळून चौकोन होतो, नुसतं चालायचं तर अर्ध्या तासात संपतो. यातला मोंते नापोलिओने म्हणजे 2024 मध्ये दुकानभाड्याच्या हिशोबानं जगातला सगळ्यात महाग रस्ता ठरलेला. नावाची गंमत अशी की नेपोलियनच्या काळात तिथं सरकारी कर्जाचा कारभार बघणारी पेढी होती, तिचंच नाव रस्त्याला चिकटलं.

सकाळी दहा-साडेदहाला आणि आठवड्याच्या मधल्या वारी जा. शनिवारी दुपारी काही दुकानांबाहेर दोरी लावून रांग असते. सेल जानेवारीच्या आणि जुलैच्या सुरुवातीला लागतात, ऑगस्टच्या मध्यावर मात्र बरंच शहर सुट्टीवर असतं.

आता आत जायचं. दारात काळ्या सुटातला माणूस उभा असतो, त्याला बघून आपल्या बायका मागं फिरतात, फिरू नका, तो दार उघडायलाच असतो. आत गेल्या गेल्या ‘ब्वोनजोर्नो’, म्हणजे त्यांचा नमस्कार, म्हणा, तिथं न बोलता आत शिरणं उद्धटपणा समजतात, आणि वस्तू आपणहून उचलू नका, हात पुढं करून नजरेनं विचारा, ते स्वतः काढून दाखवतात. फक्त बघतेय म्हटलं तरी चालतं. मी एका दुकानात कोटाचं अस्तर उलटून दाखवायला सांगितलं, काज हातानं केलेलं होतं, एकेक टाका शेजारच्याला टेकलेला, आणि मी बोट फिरवतेय बघून ती मुलगी समजली की ही कामातली बाई आहे, मग तिनं आणखी तीन कोट आणले.

पायात मी आपली कोल्हापुरी घातली होती. फरशी दगडी आहे, टाचेचं काही घालू नका. त्याच मुलीनं वाकून वेणी आणि कान बघितले, खिळा कुठाय विचारलं, मी सांगितलं खिळा नसतोच, चामड्याच्या वादीनं शिवतात. जून 2025 मध्ये याच शहरात प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या शोमध्ये अगदी अशाच चपला नाव न घेता दाखवल्या होत्या, आपल्याकडं ओरड झाल्यावर कंपनीनं मूळ आपलं असल्याचं मान्य केलं. कोल्हापुरीला 2019 मध्ये जीआय, म्हणजे वस्तू मूळ कुठली याची सरकारी नोंद, मिळालं त्यात सांगली आणि सातारा जिल्हेही आहेत, हे तिथं छाती पुढं करून सांगा.

कॉफी उभ्यानं काउंटरवर प्या, बसलात की दर वाढतो. सांत आंद्रेआ रस्त्यावर पालाझ्झो मोरांदो म्हणून जुन्या कपड्यांचं म्युझियम आहे, शिवणाऱ्यांनी चुकवू नये. मग चालत दुओमोकडं, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चकडं, तिथली काचेच्या छताची गॅलरी 1877 मध्ये पुरी झाली, प्राडाचं पहिलं दुकान 1913 मध्ये तिथंच निघालं. फुटपाथवर कुणी स्वस्तात ब्रँडची बॅग दाखवली तर सरळ पुढं चला, नकली माल घेणाऱ्यालाही तिथं 7,000 युरोपर्यंत दंड आहे.

घेणारच असाल तर पासपोर्ट जवळ ठेवा. इटलीत किमतीत 22 टक्के टॅक्स धरलेला असतो, एका दुकानात 70 युरोच्या वर बिल झालं की टॅक्स-फ्री फॉर्म मिळतो, एअरपोर्टवर बॅग चेक-इन करायच्या आधी कस्टमकडून पास करून घ्यायचा, वस्तू न वापरलेली हवी. टॅक्सचे पैसे कमिशन कापून परत येतात, सगळे नाही. जर्मनी किंवा फ्रान्समध्ये विमान बदलणार असाल तर कुठून पास करायचा ते दुकानातच विचारून ठेवा, आणि बिल मुंबईच्या कस्टमसाठीही जपा. माझा पासपोर्ट लेकीच्या खोलीत राहिला, फॉर्म मिळाला नाही, टॅक्सचे पूर्ण पैसे गेले, वाईट वाटलं.

घेतला होता एक सिल्कचा स्कार्फ. त्याची कड मशीनवर पिको केलेली नाही, कापड बोटानं आत वळवून बारीक टाके घातलेत, नीट बघितलं तर टाके थोडे मागंपुढं आहेत, हात कळतो. माझ्या दुकानात कटिंगच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवलाय, जायच्या आधी येऊन बघून जा, म्हणजे तिथं गेल्यावर काय उलटून दाखवायला सांगायचं ते कळेल.