ब्रिजमधे बोली अडली की कोणता कॉल द्यायचा? (भुसावळच्या टेबलावरून)

आखाजीला (अक्षय तृतीयेला) आमच्याकडे खान्देशात माहेरवाशिणी झोक्यावर आणि माणसं पत्त्यांवर, हे ठरलेलंच. गावोगावी डाव बसतात, त्यात ब्रिज कुठे नसतो म्हणा, पण आमचं भुसावळचं चौघांचं टोळकं त्या दिवशीही ब्रिजच खेळतं, आणि पैसे लावत नाही त्यामुळे घरचेही काही म्हणत नाहीत. गेल्या आखाजीला बाहेर ऊन रणरणतंय, कूलर गरम हवाच फेकतोय, आणि माझ्या हातात ही पानं:

इस्पिक ८, ४
बदाम एक्का, राणी, १०, ८, ६
चौकट राजा, गुलाम, ५
किलवर एक्का, ७, ३

मी एक बदाम ओपन केलं, म्हणजे बदाम हुकूम धरून सहावर एक, असे सात हात करू ही पहिली बोली. डावीकडच्याने दोन इस्पिकवर उडी मारली, म्हणजे सहा इस्पिक आणि बाकी हात फुसका. माझे पार्टनर अण्णा, रेल्वेतून रिटायर झालेले गार्ड, ते थेट चार बदाम. उजवीकडचा चार इस्पिक. आम्ही व्हल्नरेबल (म्हणजे गेमचं बक्षीसही मोठं आणि पडलं तर दंडही मोठा), ते नाहीत. आणि मी पठ्ठ्याने, गेम सोडवेना म्हणून, पाच बदामचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

दोन इस्पिक गेले, एक किलवर गेला, एक डाऊन (बोलीपेक्षा एक हात कमी), मायनस १००. पानं उघडी करून बघितलं तर, त्यांचं चार इस्पिक डबल केलं असतं, म्हणजे "तुम्ही पडणार" म्हणून दंड वाढवला असता, तर बदामाचे दोन, चौकटचे तीन आणि किलवरचा एक असे सहा हात आमचे होते, ते तीन डाऊन, आम्हाला ५००. म्हणजे एका कार्डात ६०० चा फरक! अण्णा चिडले नाहीत, पानं गोळा करता करता एवढंच म्हणाले, "भो, तू तुझे पानं दोनदा बोलला."

त्यांचं म्हणणं असं की १४ पॉइंट आणि पाच बदाम हे मी पहिल्या बोलीतच सांगून टाकलेलं, त्यानंतर माझ्या हातात नवीन काय होतं? काहीच नाही. तरी मी परत बोललो.

तर अशा अडलेल्या बोलीत काय करायचं, कुठल्या क्रमाने विचार करायचा, ते आम्ही टेबलावर भांडून भांडून जे शिकलो ते लिहितोय. एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १, आणि दोघांचे मिळून २५-२६ झाले की गेम, एवढं ज्यांना येतं त्यांच्यासाठी आहे हे. पाच पानांची मेजर (इस्पिक किंवा बदाम) उघडणारी साधी सिस्टिम धरलीय.

पहिलं काम: स्वतःची पानं बंद करा आणि बाकी तिघांची मोजा

खरंच बंद करा, टेबलावर उलटी ठेवा. आपली पानं बघत बसलं की ती जास्तच सुंदर दिसायला लागतात. पूर्ण गड्डीत ४० पॉइंट असतात, एवढ्या एका आकड्यावर अर्धी कोडी सुटतात. हे बघा, सगळे नॉन-व्हल्नरेबल आहेत असं धरा:

इस्पिक राजा, १०, ७, ४
बदाम ८, ३
चौकट एक्का, गुलाम, ५
किलवर राणी, ९, ६, २

उजवीकडच्याने एक बदाम ओपन केलं, तुम्ही पास (बरोबर, दहा पॉइंटवर काय बोलणार), डावीकडून दोन बदाम, पार्टनर पास, उजवीकडचाही पास. आता परत तुमची पाळी. नवीन खेळणारा इथे लगेच पास करतो, का तर हातात दहाच पॉइंट. पण मोजून बघा, ते दोघं दोन बदामवर थांबले, गेमचा प्रयत्नसुद्धा केला नाही, म्हणजे त्यांच्याकडे मिळून २१-२२ असतील. उरले १८-१९. त्यातले दहा तुमच्याकडे, म्हणजे पार्टनरकडे आठ-नऊ आहेतच, बिचारा गप्प का बसला? तर त्यांच्याकडे बदाम बहुतेक आठ, तुमच्याकडे दोन, म्हणजे पार्टनरकडे तीन, आणि तीन बदाम घेऊन इतक्या थोड्या पॉइंटवर त्याला तोंड उघडता येत नव्हतं. आणि तीन बदाम सोडून त्याची दहा पानं बाकीच्या तीन रंगांत आहेत, कुठे ना कुठे तुमचा जोड बसणारच.

म्हणून डबल. हा दंडाचा डबल नाही, "तू रंग सांग" असा. त्यांनी दोन बदाम केले तर ११० त्यांना, तुम्ही तीन किलवरवर जाऊन एक डाऊन गेलात तर फक्त ५०, आणि दोन इस्पिक झाले तर उलट ११० तुम्हाला. बरेचदा तर ते तीन बदामवर चढतात आणि पडतात. व्हल्नरेबल असाल तर मात्र जपून, एक डाऊन १०० ठीक आहे, दोन डाऊन २०० म्हणजे पेअर्स स्पर्धेत (जिथे तीच पानं खेळलेल्या बाकीच्या जोड्यांशी तुलना होते) त्या डावाचं वाटोळं.

१९६० च्या दशकात ज्याँ-रने व्हर्न या फ्रेंच माणसाने हा हिशोब नियमासारखा मांडला: दोन्ही बाजूंच्या सगळ्यात लांब हुकूम-रंगांची पानं मोजा, त्यांची बेरीज आणि दोन्ही बाजू आपापल्या हुकुमात जेवढे हात करतील त्यांची बेरीज, जवळपास सारखी येते. त्यांच्याकडे आठ, आपल्याकडे आठ, एकूण सोळा हात, त्यांचे आठ झाले तर आपलेही आठ. दरवेळी तंतोतंत येत नाही, पण आठ पानांचा जोड असलेल्या शत्रूला दोनवर झोपू द्यायचं नाही, एवढी अक्कल त्यातून पक्की येते.

आणि एक, तुम्ही डबल दिल्यावर पार्टनरने लगेच उडी मारून गेम मागू नये. तुम्ही त्याचेच आठ पॉइंट आधी बोललाय! आमच्याकडे यावरून एकदा दोन आठवडे अबोला होता.

सगळे कॉल मोजा, पास आणि डबल धरून

बिडिंग बॉक्समधे हिरवं पासचं कार्ड आणि लाल डबलचं कार्ड पण असतं, पण अडचणीत माणूस फक्त चढत्या बोलीच बघतो, तीन की चार, बदाम की नो-ट्रम्प (हुकूम नसलेली बोली). मनातल्या मनात निदान तीन कॉल उभे करा आणि त्यात एक पास किंवा डबल असलाच पाहिजे. एकच कॉल सुचत असेल तर समजा तुम्ही विचार केलेला नाही.

खरं बोलता येत नसेल तर सगळ्यात छोटं खोटं बोला

हा भाग मला सगळ्यात आवडतो. कधीकधी हातच असा येतो की सिस्टिममधे त्याला जागाच नाही. उदा.

इस्पिक एक्का, राजा, ५
बदाम ७, ३
चौकट एक्का, राजा, गुलाम, ८, ६, ३
किलवर राजा, ६

तुम्ही एक चौकट, पार्टनर एक बदाम. आता? १८ पॉइंट, सहा चौकट.

तीन चौकट म्हटलं तर रंग खरा, पण पार्टनर सहा-सात पॉइंटवर पास करेल आणि तीन नो-ट्रम्प हातात असताना तीन चौकटवर बसाल. दोन इस्पिक (जंप शिफ्ट, म्हणजे एक पायरी सोडून नवा रंग) म्हटलं तर ताकद खरी, पण इस्पिक चार नाहीत, तीन आहेत. आणि दोन नो-ट्रम्प, १८-१९ आणि बॅलन्स्ड हात, तर हात काय अगदी बॅलन्स्ड नाही, सहा चौकट आहेत.

आमच्या टेबलावर तिघांनी तीन उत्तरं दिली. माझं मत दोन नो-ट्रम्प, आणि कारण सांगतो. मेजर रंगाबद्दलचं खोटं महागात पडतं, कारण पार्टनरकडे चार इस्पिक असले की तो आनंदाने चार इस्पिकवर जाणार आणि तुम्ही तीन पानं दाखवताना तोंड लपवणार. मायनरचं (चौकट-किलवरचं) एक पान जास्त असलं तर कोणी मरत नाही. पॉइंटबद्दल तर इथे खोटं अजिबातच नाही. शिवाय तो किलवरचा राजा-छक्की बघा, नो-ट्रम्प तुम्ही आधी म्हटला तर उतारी तुमच्या राजापर्यंत चालत येते, पार्टनर खेळला तर तोच राजा डमीत, म्हणजे टेबलावर मांडलेल्या पानांत, उघडा पडतो आणि उतारी त्याच्या अंगावरून जाते. राजा कुणाच्या हातात झाकलेला हवा, हा विचार बोली चालू असतानाच करायचा असतो, खेळताना उशीर होतो.

बोलायच्या आधी पुढची बोली ठरवा

पार्टनर एक किलवर, उजवीकडे एक इस्पिक, तुमच्याकडे इस्पिक ८, ३, बदाम राजा, राणी, ९, ७, ५, ३, चौकट गुलाम, ६, ४ आणि किलवर ८, ५. सहा बदाम बघून हात शिवशिवतो दोन बदाम म्हणायला. पण दोन बदाम म्हणजे दहाएक पॉइंट, आणि पार्टनरला परत बोलावंच लागणार, तो तीनवर नाहीतर गेमवर पोहोचणार. तुमच्याकडे सहा. म्हणून आधी डबल (तोच "तू रंग सांग" वाला), पार्टनर दोन किलवर किंवा दोन चौकट म्हणाला की मग दोन बदाम. याचा अर्थ त्याला बरोबर कळतो: रंग लांब आहे, दम नाही, पास कर. दोन कॉलची जोडी मिळून एक वाक्य होतं. पहिला कॉल देताना दुसरा माहीत नसेल तर तो पहिला देऊच नका.

कुठला कॉल "बेस्ट" हे मी आता असंच ठरवतो, की माझ्यानंतर पार्टनरला किती सोपं जाईल. मला काय शोभतं ते नाही. दोन कॉल सारखेच वाटले तर जो त्याला कमी कोड्यात टाकतो तो.

गुण कसे मोजताय ते विसरू नका

टीमच्या मॅचमधे व्हल्नरेबल गेम ३७-३८ टक्के शक्यता असली तरी बोलायचा, नॉन-व्हल्नरेबल असेल तर ४५ टक्क्यांच्या आसपास लागतात. पेअर्समधे मात्र निम्मी शक्यता हवी, तिथे ६०० आणि ६२० मधला वीसचा फरकसुद्धा टॉप आणि बॉटमचा फरक असतो.

पाचची पायरी

परत माझ्या त्या आखाजीच्या डावाकडे. चारवर ते आणि आपण दोघं भिडलो की पाचवर जायला काहीतरी कारण लागतं, आणि ते कारण पॉइंट नसतात, ते आकार असतो. माझ्याकडे सहा-सात बदाम असते, इस्पिक एकही नसता, बाजूला पाच पानांचा रंग असता, तर पाच बदाम बरोबरच होता. पण २-५-३-३ असा चौकोनी हात, त्यांच्या रंगाची दोन फालतू पानं, म्हणजे दोन हात जाणारच हे दिसत होतं, आणि हातात दोन एक्के, जे चार इस्पिक पाडायलाच जास्त कामाचे. दोन एक्के आणि चपटा हात असला की लाल कार्ड. ते व्हल्नरेबल नाहीत म्हणजे डबलमधे एक डाऊन १००, दोन ३००, तीन ५००, आपला ६२० चा गेम गेला तो गेला, त्याच्यामागे धावायचं नाही. केळीचा भाव पडल्यावर कालचा भाव आठवून माल धरून ठेवणाऱ्यासारखं होतं ते, घड पिकून काळे पडतात.

वेळ

यावर थोडक्यात पण कडक. दोन मिनिटं छताकडे बघून पास केलात तर तुम्ही पार्टनरला अडकवलंत, कारण तुमच्या त्या थांबण्यातून त्याला जे कळलं ते त्याला वापरता येत नाही, नियम १६ सरळ मनाई करतो. तो प्रामाणिक असेल तर उलट पास करेल. म्हणून शक्यतो सगळ्या कॉलना एकसारखा वेळ घ्या, सोप्यालाही दोन-तीन सेकंद. आणि "अंऽऽ डबल" असं सुरात म्हणणं बंद करा, आमच्या घरगुती डावात बॉक्स आणायच्या आधी सुरावरून अर्ध्या पानांचा पत्ता लागायचा. वय झालं की हा संयम येतो बहुतेक, २०१८ च्या जकार्ता एशियन गेम्समधे भारताला ब्रिजचं सोनं मिळवून दिलं त्या प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार जोडीची वयं साठ आणि छप्पन होती, हे अण्णा आठवड्यातून एकदा तरी ऐकवतात.

सराव करायचा तर बोली संपल्यावर, पानं उघडायच्या आधी, पार्टनरचा हात कागदावर लिहा. किती पॉइंट, कुठला रंग किती. मग डमी बघा. पहिले काही दिवस लाज वाटेल इतकं चुकतं, पण चुकतं कुठे ते कळतं, मला कळलं की मी पार्टनरच्या पासकडे लक्षच देत नव्हतो.

त्याच रात्री, जेवणाआधीच्या शेवटच्या डावात, जवळपास तशीच बोली परत आली. आम्ही चार बदाम, ते चार इस्पिक. माझा हात परत चपटा, परत दोन एक्के. मी दोन-तीन सेकंद घेतले आणि लाल कार्ड ठेवलं, एकदम शहाण्यासारखं. डावीकडच्याकडे किलवर एकही नव्हता, माझा एक एक्का पहिल्याच फेरीत हुकुमाने कापला, आणि चार इस्पिक डबल झाला, ५९० त्यांना. मी अण्णांकडे बघितलं. ते म्हणाले, "डबल बरोबर होता भो. चला, शेवभाजी थंड होतेय."