शार्नमधला गुप्तहेर: डी अँड डीसाठी शहरी तपासनीस पायरीपायरीने कसा उभा करावा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या फासे टाकून पात्र वठवण्याच्या खेळात गुप्तहेर खेळायचं ठरलं की बहुतेक जण आधी पात्राच्या शीटवर आकडे भरायला घेतात. आधी शहर ठरवा. तुमच्या माणसाला कुणाच्या दारात उभं राहता येतं आणि कुठून हाकलून देतात, यावर तपास पुढे सरकतो. फाशाचा रोल कितीही मोठा पडला तरी दार उघडलं नाही तर तो वाया.

इथे डी अँड डीच्या एबेरॉन या काल्पनिक जगातलं शार्न शहर घेतलं आहे. नियम पाचव्या आवृत्तीचे, २०१४चे. सबक्लास (क्लासची, म्हणजे पात्राच्या पेशाची उपशाखा) ‘झानाथर्स गाइड टू एव्हरीथिंग’मधून (२०१७), वंश ‘एबेरॉन: रायझिंग फ्रॉम द लास्ट वॉर’मधून (२०१९) आणि बॅकग्राउंड (पात्राचं आधीचं आयुष्य) ‘स्वोर्ड कोस्ट ॲडव्हेंचरर्स गाइड’मधून (२०१५). डीएमला (खेळ चालवणाऱ्या डन्जन मास्टरला) हे तिन्ही चालतात का, ते आधीच विचारून घ्या.

पायरी १: मजला निवडा

शार्न उभं वाढलेलं शहर आहे. मनोरे वरच्या, मधल्या आणि खालच्या भागांत विभागलेले. सर्वांत खाली कॉग्ज, तर ढगांत तरंगणारं श्रीमंतांचं स्कायवे सगळ्यांच्या वर. पैसा वरती राहतो आणि गुन्हा पायऱ्या उतरून खाली येतो. म्हणून ऑफिस मधल्या मजल्यावर ठेवा. मेंथिस भागाचा मधला मजला चांगला, कारण मॉरग्रेव्ह विद्यापीठ त्याच भागात, वरच्या बाजूला आहे.

आता तीन माणसं लिहून काढा, प्रत्येक मजल्यावर एक. वर, पेपरात लिहिणारी एखादी ओळखीची बाई. मध्ये, वैद्यकी चालवणाऱ्या हाउस जोरास्को घराण्याच्या दवाखान्यातला हाफलिंग (बुटक्या वंशाचा) वैद्य, जो प्रेत पाहून मृत्यूची वेळ सांगेल. खाली, बोरोमार टोळीचा हिशेब ठेवणारा कुणी. तिघांपैकी एकाचे तुम्ही देणेकरी असा आणि एक तुमचा देणेकरी असू द्या. नुसती ‘ओळख आहे’ असं लिहिलं तर डीएमच्या हाती काहीच लागत नाही. देणं लिहिलं तर दुसऱ्याच सेशनला वसुलीला माणूस येतो आणि गोष्ट आपोआप चालू लागते.

आणखी एक प्रश्न सोडवून ठेवा: युद्धात काय केलंत? एबेरॉनमधलं ‘शेवटचं युद्ध’ तिथल्या कालगणनेप्रमाणे ९९६ साली थ्रोनहोल्डच्या तहाने संपलं आणि खेळ साधारण ९९८मध्ये सुरू होतो. शहरातला प्रत्येक साक्षीदार ते मनात ठेवूनच तुमच्याशी बोलेल.

पायरी २: आकडे

वंश हाफ-एल्फ, मार्क ऑफ डिटेक्शनचा (ही शोध घ्यायला मदत करणारी अंगावरची जादूची खूण). विझ्डमला २ मिळतात, आणखी एका गुणाला १. इन्व्हेस्टिगेशन (पुरावे जुळवणं) किंवा इन्साइटचा (माणूस ओळखणं) रोल केला की त्यात डी४, म्हणजे चार बाजूंचा फासा, जोडायचा. क्लास ‘रोग’ (rogue), म्हणजे चोरपावलांचा चलाख माणूस.

सहा गुणांसाठी मिळणारे २७ पॉइंट असे वाटा: स्ट्रेंग्थ ८, डेक्स्टेरिटी १५, कॉन्स्टिट्यूशन १२, इंटेलिजन्स १३, विझ्डम १४, करिझ्मा १०. वंशाचे मिळवल्यावर डेक्स्टेरिटी १६ आणि विझ्डम १६. इथे नवखे खेळाडू हमखास इंटेलिजन्स १५ करून विझ्डम १० वर सोडतात, कारण गुप्तहेर म्हणजे हुशार. मग साक्षीदार तोंडावर खोटं बोलतो आणि हुशार माणूस मान डोलावतो. या सबक्लासचा कणा इन्साइट आहे, आणि इन्साइट विझ्डमवर चालतं.

बॅकग्राउंड सिटी वॉचचा इन्व्हेस्टिगेटर प्रकार: इन्साइट आणि इन्व्हेस्टिगेशन त्यातूनच येतात. त्यामुळे रोगच्या स्किलच्या चारही जागा मोकळ्या राहतात. तिथे परसेप्शन, स्टेल्थ, पर्सुएशन, डिसेप्शन भरा. एक्स्पर्टीज (प्रॉफिशियन्सी, म्हणजे सरावाचा बोनस, दुप्पट होणं) इन्साइट आणि इन्व्हेस्टिगेशनवर.

पायरी ३: तिसरी लेव्हल आणि इन्क्विझिटिव्ह

तिसऱ्या लेव्हलला इन्क्विझिटिव्ह हा रोगचा तपासनीस सबक्लास निवडा. ‘इअर फॉर डिसीट’मुळे खोटं ओळखताना डी२०वर (वीस बाजूंच्या फाशावर) ७ किंवा कमी पडले तरी ८ धरायचे. तुमचं इन्साइट आता अधिक ७, वर किमान १ चा डी४. म्हणजे निकाल १६च्या खाली जातच नाही. मात्र माणूस खोटं बोलतोय एवढंच कळतं. कोणता शब्द खोटा आणि का, ते कळत नाही. प्रश्न तोडून विचारा: ‘रात्री कुठे होता?’ याऐवजी ‘आठच्या घंटेला होता कुठे?’ आणि मग ‘सोबत कोण होतं?’ डीएमशी आधीच ठरवा, की समोरच्याला आपण पकडलं गेल्याचं कळतं का. तसंच, हे रोल डीएमने पडद्याआड केले तर ताण टिकून राहतो.

मारामारीत ‘इन्साइटफुल फायटिंग’ कामाला येतं. बोनस ॲक्शन (आपल्या पाळीत एकदाच मिळणारी जादा कृती) घालून समोरच्याच्या डिसेप्शनवर इन्साइटने मात केली, की पुढचा एक मिनिट ॲडव्हांटेज (दोन डी२० टाकून मोठा धरणं) नसतानाही स्नीक अटॅक, म्हणजे रोगचा जादा इजेचा वार, मिळतो. अट एकच, डिसॲडव्हांटेज (दोनातला लहान धरणं) नसावा. पण कनिंग ॲक्शनही (रोगचं झटकन पळणं, लपणं) बोनस ॲक्शनच मागते आणि दुसऱ्या हातातल्या शस्त्राचा वारही. म्हणून दोन सुऱ्या घेऊन लढू नका. एक रेपियर, आणि लांबसाठी शॉर्टबो. हिट पॉइंट (मार झेलण्याची ताकद) तिसऱ्या लेव्हलला २१च असतात, हे विसरू नका.

चौथ्या लेव्हलला ‘ऑब्झर्व्हंट’ फीट (जादा खास क्षमता) घ्या आणि त्यातला १ इंटेलिजन्सला द्या, १३चे १४ होतात. पॅसिव्ह (फासा न टाकता धरला जाणारा) परसेप्शन २० आणि पॅसिव्ह इन्व्हेस्टिगेशन २१ वर पोचतं. त्यानंतर डीएमला हे दोन आकडे कागदावर लिहून द्या, नाहीतर तो दर वेळी रोल मागत राहतो.

पायरी ४: जागा तपासणं

‘मी खोली तपासतो’ म्हणाल तर आकडा मिळेल आणि त्यावर एक वाक्य. वस्तूचं नाव घेऊन विचारा. शार्नमधलीच एक केस पाहा. मनोऱ्याच्या पायथ्याशी एक माणूस मरून पडलाय, पहारेकरी म्हणतात, वरून पडला. खिशात फेदर टोकन सापडतं. ही पिसाचं चित्र कोरलेली धातूची छोटी चकती. जवळ असताना २० फूट किंवा जास्त पडलात तर ती तुम्हाला अलगद खाली आणते आणि जमिनीला लागताच तिची जादू संपते.

तुमच्या मार्कमुळे डिटेक्ट मॅजिक (जादू ओळखणारा मंत्र) दर लाँग रेस्टला (रात्रभराच्या विश्रांतीला) एकदा वापरता येतं. ते लावा. चकती अजून जादूची आहे! म्हणजे एकतर हा माणूस पडलाच नाही, प्रेत इथे आणून टाकलं. नाहीतर पडण्याआधीच मेला होता. किंवा चकती नंतर कुणीतरी खिशात सरकवली. तिन्हींसाठी तपास वेगळा: पहिल्याला रक्ताचा ओघळ आणि ओढल्याच्या खुणा, दुसऱ्याला जोरास्कोचा वैद्य, तिसऱ्याला पंचनाम्याआधी प्रेताजवळ कोण आलं त्यांची यादी. तिन्हीपैकी एकही ‘इन्व्हेस्टिगेशन २२’ एवढ्यावर मिळत नाही.

वही तीन रकान्यांची ठेवा: डोळ्यांनी पाहिलेलं, कुणी सांगितलेलं, आपला अंदाज. तिसऱ्या रकान्यातलं पहिल्यात गेलं की केस हमखास भरकटते. सेशन दोन आठवड्यांनी होत असेल तर वहीशिवाय खेळूच नका.

काय बिघडतं

सर्वांत मोठी अडचण टेबलावरच्या इतर खेळाडूंची. गुप्तहेर एकटाच तासभर चौकशी करत फिरतो आणि बाकीचे मोबाइल पाहत बसतात. साक्षीदार वाटून घ्या. पॅलाडिनला सैनिकांकडे पाठवा, बार्डला दारूच्या गुत्त्यावर, आणि नंतर एकत्र बसून ताळा करा.

दुसरं, पार्टीतल्या क्लेरिककडे (देवाच्या जोरावर मंत्र टाकणाऱ्याकडे) स्पीक विथ डेड, म्हणजे प्रेताला पाच प्रश्न विचारण्याचा मंत्र, असेल तर केस पाच प्रश्नांत संपेल अशी भीती वाटते. तसं होत नाही. तुम्ही शत्रू वाटलात तर प्रेत खरं बोलायला बांधील नसतं, आणि त्याला जिवंतपणी जे ठाऊक होतं तेवढंच सांगतं. पाठीमागून वार झाला असेल तर मारेकरी त्याने पाहिलेलाच नसतो. झोन ऑफ ट्रुथ या मंत्राच्या घेऱ्यातही सेव्ह (मंत्र टाळण्याचा रोल) चुकलेला माणूस खोटं बोलू शकत नाही, पण उत्तर टाळू शकतो. टाळलेल्या उत्तराचीही वहीत नोंद करा.

डीएम असाल तर प्रत्येक निष्कर्षाकडे जाणारे किमान तीन धागे पेरा. एकाच रोलवर सगळं टांगलं आणि तो चुकला, तर सेशन तिथेच अडकतं.

पुढच्या लेव्हल्सची थोडी आखणी करून ठेवा. सहाव्या लेव्हलची दोन एक्स्पर्टीज परसेप्शन आणि पर्सुएशनला द्या. अकराव्याला रिलायबल टॅलेंट आलं, की प्रॉफिशियन्सी असलेल्या स्किलवर ९पर्यंतचे रोल १० धरले जातात आणि इअर फॉर डिसीट जवळपास निरुपयोगी होतं. तेराव्याला ‘अनएरिंग आय’ मिळतं: ३० फुटांत भ्रम आहे किंवा रूप बदललेला कुणी आहे, एवढं जाणवतं, कोण ते नाही. शार्नमध्ये चेंजलिंग (रूप बदलू शकणारे लोक) कमी नाहीत. डीएमने पूर्ण कॅम्पेन (अनेक सेशनची सलग गोष्ट) एखाद्या वेषांतर केलेल्या चेंजलिंगभोवती रचलं असेल तर ही क्षमता येणार हे बाराव्या लेव्हललाच डीएमच्या कानावर घाला, म्हणजे त्याला गोष्ट वेळेत वळवता येईल.