लाकडी फरशी स्वतः घासताय? या चुका टाळा

"फरशी घासून वार्निश मारलं, आता उजेडात लाटा दिसतायत. काय करू?" हा प्रश्न मला इतक्या वेळा येतो की उत्तर तोंडपाठ झालंय. आणि प्रश्न येईपर्यंत उशीर झालेलाच असतो. वार्निश बिघडलं तर काढून पुन्हा मारता येतं, घासून गेलेलं लाकूड परत येत नाही. काम स्वतः करायचं की कारागीर लावायचा, हे मी एवढ्यावरच ठरवतो: घासणं त्याच्याकडे, वार्निशचे हात आपले. लोक नेमकं उलटं करतात. मशीन चालवायची हौस स्वतः भागवून घेतात आणि लाटा लपवायला वार्निशवाला बोलावतात.

मशीन आणण्याआधी फरशीत लाकूड किती शिल्लक आहे ते बघा. अखंड लाकडाची पट्टी साधारण 19 मिमी जाड असली, तरी घासता येण्याजोगं लाकूड म्हणजे फक्त जिभेच्या (शेजारच्या पट्टीच्या खाचेत बसणाऱ्या कडेच्या) वरचं, जेमतेम 6 मिमी. त्यातलं आधी कुणी किती खाल्लंय कुणास ठाऊक. इंजिनिअर्ड फ्लोअरिंगमध्ये तर प्लायवर लाकडाचा पापुद्रा असतो. तो अर्ध्या मिमीचा निघू शकतो, 4 मिमीचाही. 2 मिमीच्या आत असेल तर ड्रम सँडरचं, म्हणजे फिरत्या ड्रमवर सँडपेपर लावलेल्या घासायच्या मशीनचं, नाव काढू नका. लॅमिनेट असेल तर विषयच संपला, वर दिसतं ते लाकूड नसून छापील कागद आहे. दाराजवळची पट्टी किंवा स्कर्टिंग काढलं की फरशीच्या पट्टीची कापलेली कड आणि तिची जाडी दिसते. एवढं बघायचाही लोकांना कंटाळा.

मुळात घासायची गरज आहे का, हेही कुणी बघत नाही. वर्दळीच्या जागी पाण्याचा थेंब टाका. थेंब तसाच बसून राहिला तर जुनं वार्निश अजून जिवंत आहे. वरून 120 किंवा 150 नंबरच्या घासायच्या जाळीने (नंबर जितका मोठा तितकी बारीक) हलकं घासून एक हात मारला की भागतं, आणि हे काम घरी बिनधास्त करावं. थेंब मुरून लाकूड काळपट झालं तरच पुढचा खटाटोप. फक्त आधी कोपऱ्यात टर्पेंटाइनचा पांढरा कपडा घासून बघा. पिवळट मळ आला तर खाली मेण आहे, आणि मेणावर मारलेलं पीयू (पॉलियुरेथेन वार्निश) पापुद्र्यांनी सुटतं.

आता ड्रम सँडर. एका ओळखीच्यांनी भाड्याने आणून हॉल स्वतः घासला, वार्निशचे दोन हात मारले आणि मग मला बघायला बोलावलं. खिडकीतून तिरका उजेड येत होता. मशीन जिथे जिथे वळवलं तिथे एक आडवी लाट, आणि हॉलच्या मधोमध ड्रमच्या रुंदीएवढा खड्डा. फोन वाजला म्हणून गृहस्थ थांबले होते, ड्रम थांबला नव्हता. मी स्टीलची पट्टी आडवी ठेवली, तिच्याखालून नाणं आरपार गेलं. त्यांनी तो खड्डा कडेने घासून 'मिळवायचा' प्रयत्न केला होता, त्यामुळे खड्ड्याची परात झालेली. ती सपाट करायची तर अख्खा हॉल तेवढाच खाली आणावा लागणार, आणि जिभेवर तेवढं लाकूड उरलंच नव्हतं. शेवटी मधल्या पट्ट्या कापून नव्या बसवाव्या लागल्या, आणि घासायला कारागीर आलाच.

मशीन आधी चालायला लागतं, मग ड्रम टेकतो. थांबण्याआधी ड्रम उचलला जातो. वाचायला सोपं आहे, हाताला यायला वेळ लागतो. मी स्वतः सुरुवात नेहमी जिथे कपाट येणार त्या भागापासून करतो आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवतो. नवख्याने सपाट तळाचं ऑर्बिटल मशीन घ्यावं. ते फार हळू खातं अशी सगळ्यांची तक्रार असते. त्याचा गुण तोच आहे.

सँडपेपरचे नंबर गाळणं ही माझी दुसरी दुखरी नस. 40 नंतर 60, मग 80, मग 100. 'हाताला गुळगुळीत लागतंय' म्हणून 40 वरून थेट 100 वर उडी मारली की 40 चे ओरखडे आतच राहतात आणि रंग किंवा वार्निश चढल्यावर रेघारेघांनी वर येतात. प्रत्येक नंबरच्या आधी मी फरशीभर पेन्सिलीने गिरगटतो. गिरगट पूर्ण गेली की तो नंबर झाला. मग टॉर्च जमिनीवर आडवा ठेवून बघतो. भिंतीकडेलाही तोच शेवटचा नंबर हवा, नाहीतर रंग दिल्यावर खोलीभर गडद किनार उमटते.

खिळ्यांची डोकी पंचने आत ठोका, नाहीतर पेपर फाटतो. जुना ऑइलपेंट असेल तर त्यात शिसं आहे का ते तपासल्याशिवाय घासू नका. पीयूचा डबा हलवू नका, ढवळा. पाण्यातल्या पीयूखाली स्टील वूल (बारीक पोलादी तंतूंची घासणी) फिरवू नका, उरलेले तंतू गंजून डाग पडतात.

कारागीर लावतानाही स्वस्तातला म्हणून लावू नका. शेवटचा नंबर कोणता, कडा कशाने घासणार, वार्निश नेमकं कुठलं, किती हात, हे आधी विचारा. 'बघा तर खरं, आरसा करून देतो' असं उत्तर आलं तर दुसरा शोधा.

तेलातल्या पीयूला दोन हातांमध्ये साधारण 24 तास द्या. वर सुकलं म्हणजे आत पक्कं झालं असं नाही. त्यावर गालिचा महिनाभर नको. तेल लागलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकून झोपायला जाऊ नका, त्या आपोआप तापून पेटतात. पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका. सँडरची भुशाची थैलीही काम संपताच घराबाहेर रिकामी करा, जुन्या वार्निशचा भुसा तसाच धुमसतो.