कुसळं काळी पडायच्या आत कुरणातलं गवत ओळखून घ्या

भादवा सरत आला की धुळे, नंदुरबार, जळगावच्या माळांवर आणि बांधांवर गवत फुलोऱ्यात येतं. ओळख पटवायची ती याच दिवसांत. आषाढात सगळं सारखंच हिरवं दिसतं, दिवाळीनंतर सगळं सारखंच पिवळं.

आधी कुसळी गवत, कारण ते थांबत नाही. बुंधा चिमटीत धरा. तो गोल नसतो, दाबल्यासारखा चपटा लागतो. पान मधोमध दुमडलेलं, टोक बोथट. ताटाच्या शेंड्याला एकच कणीस. कुसळं आधी हिरवट आणि मऊ असतात, मग काळपट होऊन दोन ते चार इंच वाढतात आणि एकमेकांत पिळून त्यांची वेणी बनते. दाण्याचं टोक सुईसारखं, वर उलटे केस. कुसळ ओलाव्यात उलगडतं, सुकताना पिळतं, आणि त्या पिळाबरोबर दाणा लोकरीतून कातडीत शिरतो. मेंढ्यांच्या ओठांत, हिरड्यांत जखमा होतात त्या यानेच. म्हणून कुसळं मऊ असतानाच, चार बोटं बुंधा ठेवून कापा. संधी हुकली तर दाणे गळेपर्यंत मेंढ्या तिकडे सोडू नका. नंतर कापलेला चारा निकस असतो, पण टोचत तरी नाही.

मारवेल या चाऱ्याच्या गवताची खूण पेरावर. प्रत्येक पेराभोवती पांढऱ्या लांब केसांचं कडं असतं. तुरा जांभळट, एकाच जागेतून फुटलेल्या बोटांसारखा. कुसळं त्यालाही असतात, पण बारीक आणि निरुपद्रवी. असाच दिसणारा एक भाऊबंद आहे. त्याच्या दाण्याच्या सालीवर टाचणीने टोचल्यासारखा खळगा असतो, तो भिंगातून दिसतो. गुरं तोही खातात, तेव्हा चुकलात तरी बिघडत नाही.

डोंगरी गवताच्या तुऱ्याच्या बारीक काड्यांना टोकाशी तीन-तीन फुलं, आणि त्यांच्या बुडाशी सोनेरी-तपकिरी केस. रोशा ओळखायला डोळे लागत नाहीत. पान चुरगाळलं की वास येतो. पानाचं बूड पत्त्यातल्या बदामासारखं, ताटाला कवेत घेणारं. सातपुड्यात एकेकाळी याचं तेल काढत.

मारवेलची दाट, हिरवी बेटं दिसतील तिथे आत्ताच खुंटी रोवा, नाहीतर जूनमध्ये शोधत बसाल. पहिला चांगला पाऊस झाला की त्यातले मुळासकट ठोंब फोडून दीड-दीड फुटावर लावा.