"गड्डा झाला की बसतोच!" : चालढकलीच्या या चुका टाळा

सोलापुरात बारावीची मुलं डिसेंबरात हमखास म्हणतात, "सर, एकदा गड्डा होऊ द्या, मग अभ्यासाला बसतोच." गड्डा म्हणजे सिद्धेश्वर महाराजांची जत्रा. संक्रांतीला नंदीध्वजांची मिरवणूक निघते, होम मैदानावरची जत्रा पुढेही बरेच दिवस चालते आणि बोर्डाची लेखी परीक्षा येते फेब्रुवारीत. जत्रेला जरूर जा. सिद्धेश्वर महाराजांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता चुकवा असं मी कधीच सांगणार नाही. घात करतो तो "मग" हा शब्द, कारण त्याला तारीख नसते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे स्वतःला आळशी ठरवणं. फिजिक्समधलं रोटेशनल डायनॅमिक्स टाळणारा मुलगा त्याच वेळात कपाट आवरतो, गाडी पुसतो, आईला दळणही आणून देतो. हा आळशी कसा? धडा उघडला की पोटात गोळा येतो आणि तो गोळा टाळायला हात मोबाइलकडे जातो. फ्यूशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल या संशोधकांनी २०१३ मध्ये हेच मांडलं : चालढकल ही वेळेच्या नियोजनापेक्षा मन सांभाळण्याची अडचण आहे. म्हणून सुरुवात इतकी छोटी ठेवा की भीतीच वाटू नये. एकच उदाहरण, तेही सोडवून दाखवलेलं, वहीत उतरवून काढा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. उलटा करून शेजारी ठेवलेला चालत नाही.

दुसरी चूक, वाया गेलेल्या दिवसाबद्दल रात्रभर स्वतःला कोसणं. २०१० मध्ये कॅनडातल्या विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या परीक्षेआधी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी कमी चालढकल केली. आईवडिलांनो, हे तुम्हीही वाचा. जेवणाच्या ताटावर बसलेल्या पोराला टोमणे मारले की पुस्तक त्याला आणखी नकोसं होतं.

स्केचपेननं रंगवलेलं चौदा तासांचं वेळापत्रक तर फाडूनच टाका. कामाला लागणारा वेळ माणूस नेहमी कमी धरतो. धड्याला दोन तास वाटले तर चार धरा, आणि जागा-वेळ पक्की करा : "सकाळी चहा झाला की अभ्यासिकेत, पहिलं पुस्तक केमिस्ट्रीचं." विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा असतील तर दुपारच्या चाळिशीपार उन्हात अवघड विषय घेऊच नका, तो पहाटेचा.

रोज नव्यानं सुरू करणं जड जात असेल तर सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या यंत्रमाग कारखान्यात डोकावून या. ताण्याचा बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेला रूळ, संपला की मागावर उरलेल्या जुन्या धाग्यांच्या टोकांना नव्या बीमचे धागे गाठी मारून जोडतात, सगळं पुन्हा पहिल्यापासून ओवत बसत नाहीत. अभ्यासातही असं टोक शिल्लक ठेवा. रात्री उठताना गणित अर्धं सोडा, पुढची पायरी पेन्सिलीनं लिहून ठेवा आणि वही त्याच पानावर उघडी ठेवून झोपा.