घोटा मुरगळलाय? मग या चुका टाळा

मैदानात कुणाचा घोटा मुरगळला की दोन मिनिटांत चार वैद्य उभे राहतात. एक पाय ओढायला बसतो, दुसरा स्प्रेचा डबा रिकामा करतो, तिसरा म्हणतो, "चालव, चालव, चालवला की मोकळा होतो." या मोसमात आमच्या कबड्डी संघात कोपऱ्यात खेळणाऱ्या पोराचं असंच झालं. चढाई करणाऱ्याचा पट काढायला, म्हणजे पाय धरायला झेपावला, उठताना डावा पाय दुसऱ्याच्या पावलावर पडला आणि तळवा आत वळला. 'कट्' असा आवाज त्याला आला, कडेला उभ्या असलेल्या मलाही आला. पुढच्या तीन महिन्यांत तोच घोटा आणखी दोनदा गेला. पहिल्या वेळी नशीब म्हणू. नंतरच्या दोन वेळांचा हिशेब मात्र त्याच्या आणि माझ्या, म्हणजे प्रशिक्षकाच्या नावावर आहे.

ओढणं, चोळणं, शेकणं

"हाड सरकलंय, बसवून देतो" हे वाक्य ऐकलं की पाय मागे घ्या. साध्या मुरगळीत हाड जागचं हललेलं नसतं. तळवा आत वळला की बाहेरच्या बाजूचे लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या, ताणले जातात, आणि त्यात बहुधा सगळ्यात आधी फाटतो तो बाहेरच्या घोट्याच्या पुढचा. फाटलेल्या धाग्यांना हिसका दिला तर ते आणखी उसवतात. आणि खरंच हाड मोडलेलं असेल, तर त्या ओढण्यानं काय होईल ते सांगायला नको.

पहिले दोन-तीन दिवस मालीश नको, गरम पाण्याचा शेक नको, दारूही नको. तिन्हींनी सूज वाढू शकते. आंबेहळद आणि रक्तबोळाच्या लेपाला माझी हरकत नाही, कातडी फुटलेली नसेल तर आजीचं मन मोडू नये. फक्त तो गरम करून आणि रगडून लावू नका.

एक्स-रे कधी काढायचा याचा अंदाजपंचे निर्णय

"बोटं हलतायत ना, मग फ्रॅक्चर नाही" हे साफ चूक. घोट्याचं हाड मोडलं तरी बोटं हलतात. उलट काळानिळा पडलेला, भाकरीसारखा फुगलेला पाय पाहून घाबरायचं कारण असतंच असंही नाही. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी 1992 मध्ये यासाठी सोपे नियम मांडले, ते आजही जगभर वापरतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांवर, खालच्या साधारण सहा सेंटिमीटरमध्ये, मागच्या कडेवर किंवा टोकावर बोटानं दाबा. हाडावरच कळ येते का? मग पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जो उंचवटा लागतो तिथे दाबा, आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरच्या हाडावर. यातल्या एका जरी ठिकाणी कळ आली, किंवा लागल्यावर लगेच आणि नंतर तपासतानाही लंगडत का होईना चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढायचा. शाळकरी मुलांच्या बाबतीत मी एवढीही वाट पाहत नाही. त्यांच्या हाडांची वाढीची टोकं अजून कच्ची असतात, म्हणून सरळ डॉक्टरांकडे. पाऊल वाकडं दिसत असेल, बधिर किंवा गार पडलं असेल, तर तपासत बसू नका, निघा.

बर्फावर बर्फ आणि पलंगावर तीन आठवडे

विश्रांती, बर्फ, पट्टी, पाय उंच ही चौकडी 1978 मध्ये गेब मिर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी लोकप्रिय केली. पुढे त्यांनीच लिहिलं की सततचा बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी बरं होणं लांबू शकतं. सूज हा शरीराच्या दुरुस्तीचाच भाग असतो. त्यामुळे बर्फ लावायचाच तर दुखणं कमी करायला लावा: फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. थेट कातडीवर ठेवला तर चट्टा उठतो. क्रेप बँडेज बोटांकडून वर गुंडाळत न्यायचं. बोटं निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर सोडून सैल बांधायचं.

आणि पडून राहू नका. साध्या मुरगळीत दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून, सोसेल तेवढा भार टाकत चालायला लागायचं, गरज पडली तर काठी घेऊन. बसल्या बसल्या अंगठ्यानं हवेत बाराखडी गिरवा, घोटा सगळीकडे फिरतो. पण डॉक्टरांनी मोठ्या फाटीसाठी किंवा फ्रॅक्चरसाठी कच्चं प्लॅस्टर घातलं असेल, तर हा लेख वाचून ते कापू नका.

गोळी खाऊन, स्प्रे मारून सामना खेळणं या चुकीवर जास्त लिहीत नाही. सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे तेच करतात. दुखणं दबतं, लिगामेंट जोडला जात नाही.

दुखायचं थांबलं की मैदानात

आमचं खरं पाणी मुरलं ते इथे. दहाव्या दिवशी पोरगा म्हणाला, "सर, आता काहीच दुखत नाही." चालत होता, पळतही होता. मी उतरवला. दुसऱ्याच चढाईत बोनस रेषेजवळ, कुणाचा धक्का नाही, खड्डा नाही, पाय नुसता टेकला आणि घोटा पुन्हा आत गेला.

याचं उत्तर 1965 मध्येच लिहून ठेवलेलं आहे. फ्रीमन नावाच्या ब्रिटिश सर्जननी सांगितलं की लिगामेंट ही नुसती दोरी नसते. पाऊल कुठे, किती कललंय ही खबर देणारे मज्जातंतू त्यात असतात, आणि मुरगळीत त्यांनाही इजा होते. खबर उशिरा पोचली की नडगीच्या बाहेरचे स्नायू पाय सावरायला उशीर करतात. त्यावर त्यांनी डुगडुगणाऱ्या फळीवर तोल सांभाळायचा व्यायाम दिला. या खुलाशावर अजून वाद आहेत, पण तोल पुन्हा शिकवावा लागतो हे आता सगळेच मानतात.

दुसऱ्या मुरगळीनंतर मी पोराला अनवाणी, एका पायावर, डोळे मिटून उभा केला. उजव्या पायावर तीस सेकंद आरामात. डाव्यावर पहिल्या क्षणापासून बोटं मातीत रुतायला लागली, घोट्यापुढची शीर ताठ-सैल होत होती, आणि सातव्या सेकंदाला दुसरा पाय टेकला. त्याला स्वतःलाच खरं वाटेना. दुखत तर काहीच नव्हतं! (एवढं कळूनही स्पर्धेपुढे मी नमलो आणि तिसरी मुरगळ झाली, हेही सांगून टाकतो.)

तोलाच्या व्यायामाला मशीन लागत नाही. दात घासताना एका पायावर उभं राहा. जमलं की डोळे मिटून, मग दुमडलेल्या सतरंजीवर, मग समोरच्यानं फेकलेला चेंडू झेलत. सायकलची जुनी ट्यूब खाटेच्या पायाला अडकवून पाऊल बाहेरच्या बाजूला ओढा. पायरीच्या कडेवर एका पायानं टाच वर-खाली करा. दोन्ही पायांवर सारखेच, वीस-पंचवीस वेळा जमायला हवेत.

मैदानात उतरवायच्या आधी मी आता तीन गोष्टी बघतो. एक, भिंतीसमोर पाऊल ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा. दोन्ही पायांचं भिंतीपासूनचं अंतर जवळजवळ सारखं हवं. दोन, डोळे मिटून एका पायावर तीस सेकंद. तीन, लंगडी. शाळेत घालायचो तीच. एका पायावर सलग तीन उड्या, अंतर मोजायचं, मग दुसऱ्या पायावर. दुखऱ्या पायाची लंगडी चांगल्या पायाच्या नव्वद टक्क्यांच्या वर गेली की आधी सरळ पळणं, मग आठचा आकडा, मग धक्क्याशिवाय चढाई, आणि सगळ्यात शेवटी पकड. हलक्या मुरगळीत हे सगळं दोन-तीन आठवड्यांत उरकतं, मोठ्या फाटीला तीन महिनेही लागतात.

घोट्याला बांधायच्या पट्ट्याबद्दल एक गैरसमज आहे, "सवय लागते, पाय कमजोर होतो." एकदा मुरगळलेल्या घोट्याला खेळताना अँकल सपोर्ट घातल्यानं किंवा टेपिंग, म्हणजे चिकटपट्टी गुंडाळल्यानं पुन्हा मुरगळण्याचा धोका कमी होतो. सहा महिने ते वर्षभर बिनधास्त वापरा. फक्त व्यायामाऐवजी नको, व्यायामासोबत.

सहा आठवडे झाले तरी बरं नाही?

मग ती साधी मुरगळ नसावी. घोट्याच्या वर, नडगीच्या दोन हाडांमध्ये दुखत असेल आणि पाऊल बाहेर फिरवलं की कळ येत असेल, तर वरचे लिगामेंट गेले असू शकतात. त्याला जास्त वेळ लागतो. सांध्यात खोलवर दुखणं, अडकणं, कट्कट् वाजणं असेल तर आतल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला मार लागलेला असू शकतो, तो साध्या एक्स-रेत निसटतो. आणि लागताना मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं असेल, त्या पायाच्या चवड्यावर उभं राहता येत नसेल, तर ही मुरगळच नाही. टाचेमागची जाड शीर, म्हणजे अकिलीस, तुटलेली असू शकते. तिथे सहा आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञ गाठायचा.

आमच्या पोराच्या तिसऱ्या मुरगळीला आता अकरा आठवडे झाले. काल मोजलं. डोळे मिटून तीस सेकंद होतात, भिंतीची परीक्षा पास. लंगडी मात्र उजव्यावर पाच मीटर वीस, डाव्यावर चार मीटर चाळीस. रविवारी तो बाकावर बसणार आहे, आणि माझ्याशी बोलत नाहीये.